दुसऱ्यांदा विचारायचं असतं

आमच्या बॅचला पन्नास वर्षं झाली त्याचा सोहळा नागपूरला कॉलेजात झाला, जानेवारीत. मी तेव्हा फ्रीमाँटला मुलाच्या टाउनहाउसच्या जिन्यावर बसून नातीच्या पायात मोजे घालत होते. नागपूरच्या मैत्रिणीने फोनवर सगळं साग्रसंगीत ऐकवलं. कोण कोण आलं, कोणाला स्टेजवर चढवायला दोन माणसं लागली, केमिस्ट्रीची जुनी लॅब पाडून तिथे काय बांधलंय. शेवटी म्हणाली, "वर्गात आपण सहा मुली. एक वर गेली, एक मी इथे, आणि तुम्ही चौघी तिकडे अमेरिकेत पोरं सांभाळताय. बी.एस्सी. फुकट गेली ना बाप्पा!" ती खदखदून हसली. मला हसू आलं नाही. मोजा उलटा घातला गेला होता, तो मी काढून पुन्हा घातला.

मला घरी जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते. धरमपेठेतल्या माझ्या तीन खोल्यांत, माझ्या वेळेला उठून, माझ्या गॅसवर मला चहा करायचा होता. इथे मला कुणी छळत नव्हतं. मुलगा चांगला आहे, सून त्याच्याहून चांगली आहे. मी फक्त दमले होते. यजमान गेल्यावर मुलाने बोलावलं म्हणून सहा महिन्यांसाठी आले, मग एक्स्टेन्शन घेतलं, मग जाऊन परत आले, मग नात झाली. सकाळी साडेसातला दोघं आपापल्या गाड्या काढून फ्रीवेला लागायची ती संध्याकाळी सातला उगवायची. मधल्या वेळात त्या अख्ख्या कॉम्प्लेक्समध्ये मी, नात, आणि पाठीवर मशिन बांधून वाळकी पानं उडवत फिरणारा एक माणूस, एवढेच जिवंत असायचो. फोडणी केली की स्मोक अलार्म कोकलायचा. मग नात रडायची, मग मी स्टुलावर चढून पंच्याने त्याला वारा घालायचे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पन्नास-पन्नास कार्टी एका आवाजात गप्प केली, आणि आता छताला लावलेल्या त्या वाटीएवढ्या डबीसमोर हात जोडायची वेळ आली होती.

त्यात मुलगा सिटिझन झाला आणि घरात नवा विषय निघाला. "आई, तुझं ग्रीन कार्ड करून टाकू. हे सारखं ये-जा नको." मी म्हटलं, "बघ बाबा, तुम्हाला सोयीचं असेल तसं."

माझ्या आईला असं उत्तर कुणी दिलं असतं तर तिने हातातलं काम खाली ठेवून विचारलं असतं, "म्हणजे नकोय का तुला? नीट सांग." मुलगा म्हणाला, "ग्रेट."

आमच्या पिढीत पहिलं उत्तर खरं नसतंच. आईने शिकवलं होतं, कुणाकडे गेलं की काही दिलं तर आधी 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'बरं, थोडंसं'. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही, वाढतंच. नको म्हणणारीने आपलं काम करायचं, आग्रह करणारीने आपलं. कुणी हावरट ठरत नाही आणि कुणी उपाशीही उठत नाही. दोन्हीकडची माणसं खेळात असली की हे सुरळीत चालतं. अमेरिकेत येऊन मुलांनी खेळ केव्हाच सोडला, फक्त आम्हाला कुणी कळवलं नाही.

तर ज्युबिली. ही टूम आमच्या मॉनिटरची. ती कॉलेजात वर्गाची मॉनिटर होती आणि अजून त्या पदावरून उतरलेली नाही. मुलाकडे ॲन आर्बरला असते, मुलगा युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. तिने फोनवर फर्मान काढलं, "नागपूरचं हुकलं ना? आपण आपलं करू. तिघी तुम्ही कॅलिफोर्नियात आहात, मी येते." येते म्हणणं सोपं होतं. चौघींपैकी एकीलाही गाडी येत नाही, त्यामुळे चार म्हाताऱ्या भेटवायच्या तर मुलं, सुना, जावई अशा सगळ्यांची कॅलेंडरं जुळवायला लागली. दोनदा ठरलेलं कॅन्सल झालं. शेवटी ऑगस्टमधला एक शनिवार मिळाला. माझ्या घरी, म्हणजे मुलाच्या घरी.

सून म्हणाली, "आई, फूड ऑर्डर करूया का? तुम्हाला उगाच त्रास."

मी म्हटलं, "छे गं, चार बायकांचं तर जेवण. मी करते की."

"ओके आई. तुमच्या हातचं बेस्टच असतं," असं म्हणून ती लॅपटॉप घेऊन वर गेली. मी ओट्याशी उभी. तिने एकदा, फक्त एकदा, 'अहो नको आई, ऑर्डरच करू' म्हटलं असतं तर मी लगेच हो म्हणणार होते. मग काय, दोन दिवस उभी राहून गोळाभात, चिंचेचं सार आणि सांबारवडी केली. सांबार म्हणजे आमच्या नागपूरकडे कोथिंबीर. ती निवडता निवडता माझी बोटं हिरवी झाली आणि कंबर कामातून गेली.

मॉनिटर गुरुवारी आली, विमानतळावर व्हीलचेअरमधून. वर्गात ताठ मानेने हजेरीचं रजिस्टर घेऊन फिरायची ती बाई मांडीवर पर्स धरून चाकांवर बसून येताना मला आधी ओळखूच आली नाही. जवळ आल्यावर म्हणाली, "मला चालता येतं गं. पण व्हीलचेअर घेतली की रांगेत उभं राहावं लागत नाही." आवाज तोच होता.

रात्री जेवताना मुलगा तिला म्हणाला, "मावशी, उद्या बीचला जाऊया का? मी वर्क फ्रॉम होम टाकतो, लंचनंतर निघू."

"छे रे, समुद्र काय बघायचा आता या वयात! तू तुझं काम कर."

"शुअर?"

"अगदी."

"ओके मावशी," म्हणून त्याने वरणाचं भांडं पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर ही पॅटिओच्या दाराशी खुर्चीत बसलेली. साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, नाड्या घट्ट बांधलेल्या. वर मुलगा फोनवर कुणाशी तरी मोठ्याने इंग्रजीत बोलत होता.

"शूज का घातलेस?" मी विचारलं.

"तुझ्या मुलाने परत विचारलंच नाही गं," ती म्हणाली. "नागपूरची बाई मी. जन्मात दोनदा समुद्र बघितलाय."

मी वर जाऊन मुलाला सांगू का, असं विचारलं. तर म्हणाली, "वेडी आहेस का? काल नको म्हटलंय मी!" आणि खाली वाकून नाड्या सोडायला लागली. तिला गाठ सुटेना. मग मी खाली बसून सोडली. बसले ती मलाही उठता येईना, म्हणून तिने मला हात दिला. हसलो दोघी, पण दोघींना जरा रागही आला होता, आणि तो नक्की कुणाचा ते सांगता आलं नसतं.

शनिवारी साडेअकराला पहिली आली ती आमची खरोखरच पहिली येणारी. बी.एस्सी.ला युनिव्हर्सिटीत पहिली होती. फ्रीमाँटमध्येच लेकीकडे राहते, माझ्यापासून गाडीने दहा मिनिटांवर, आणि आमची भेट वर्षातून एकदा. तिच्या लेकीने इंजिन चालू ठेवूनच तिला उतरवलं. "आई, फोर थर्टीला पिकअप, ओके? मुलांचं स्विमिंग आहे. गोळ्या विसरू नकोस." हिने मान डोलावली. कॉलेजात सरांना भर वर्गात 'सर, फॉर्म्युला चुकलाय' म्हणणारी ही मुलगी. आता काहीही विचारा, 'माझं काय, मी मजेत' एवढंच म्हणते.

चौथी सनीव्हेलहून आली. तिचा मुलगा कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत आहे, दोघं एका अपार्टमेंटमध्ये राहतात. तिला सोडायला तो आत आला, वाकून नमस्कार केला, आणि त्याच्या पेजरवर काहीतरी आलं म्हणून परत पळाला. ही आमच्या वर्गात स्कॉलरशिपवर आलेली. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा दसऱ्याला नागपुरात ती पांढरी साडी नेसून आईवडिलांबरोबर दीक्षेला गेली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात आली ती मान अगदी सरळ करून, तेवढं मला अजून आठवतं. पुढे ती सरकारी प्रयोगशाळेत लागली आणि तिथलीच मुख्य म्हणून निवृत्त झाली. अख्ख्या नागपूरचं पाणी तिच्याकडे तपासायला यायचं.

कॉलेजात तिची एका गोष्टीवरून फार चेष्टा व्हायची. कुणीही डबा पुढे करून 'घेतेस का?' म्हटलं की ही लगेच 'दे' म्हणायची. आढेवेढे नाहीत, नको नाही, काही नाही. आम्ही बाकीच्या एकमेकींना कोपरं मारायचो. मॉनिटर तर मुद्दाम डबा तिच्याकडे आधी न्यायची, मजा बघायला.

कार्यक्रमाची सुरुवात मॉनिटरने केली. गेलेल्या मैत्रिणीसाठी दोन मिनिटं शांतता. आम्ही चौघी सोफ्यावर डोळे मिटून बसलो. माझी तीन वर्षांची नात समोर येऊन उभी राहिली आणि तिच्या आईला म्हणाली, "मम्मा, व्हाय आर ऑल द आजीज स्लीपिंग?" सुनेने तिला उचलून आत नेलं. डोळे उघडले तेव्हा पहिली येणारी खरंच झोपली होती. आम्ही तिला उठवलं नाही. पाच-एक मिनिटांनी आपली आपण जागी झाली आणि म्हणाली, "रात्री धाकटा तीनदा उठतो गं."

मला वाटलं होतं, आम्ही भेटू आणि लॅबमधल्या किप्स ॲपरेटसच्या त्या सडक्या अंड्याच्या वासाच्या गोष्टी निघतील. तो वास वेणीत बसायचा आणि घरी गेलं की आई अंगणातच थांबवायची. निघाल्याही गोष्टी, पण लवकर संपल्या. मग साखर, मग गुडघे, मग कुणाच्या नातवंडाला काय खाल्लं की रॅश येते. पन्नास वर्षांनी चार रसायनशास्त्राच्या पदवीधर बायका डायपरच्या क्रीमवर चर्चा करत होत्या. मॉनिटरने भाषण लिहून आणलं होतं. ते तिने पर्समधून काढलं, चष्मा लावला, आमच्याकडे बघितलं आणि परत घडी घालून ठेवून दिलं. "राहू दे," म्हणाली. आम्ही आग्रह केला नाही. आम्हीही खेळ विसरत चाललो होतो की काय, कोण जाणे.

जेवायला सूनबाई वाढत होती. हौसेने साडी नेसली होती बिचारी. सांबारवडीचं ताट घेऊन ती मॉनिटरजवळ आली. "मावशी, अजून एक?"

"नको गं, पुरे."

"ओके." ती पुढे सरकली. "मावशी, तुम्हाला?"

"मला काय, नकोच," पहिली येणारी म्हणाली.

"ओके. आई?"

मी आपल्याच घरात काय मागणार! मान हलवली. ताट सनीव्हेलवालीपाशी आलं.

"दोन दे," ती म्हणाली.

सुनेचा चेहरा असा खुलला की मला वाईटच वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला सरळ उत्तर दिलं होतं. तिने दोन वड्या वाढल्या, ताट नेऊन आत ओट्यावर ठेवलं, वर फॉइल लावली आणि नातीला भरवायला वर निघून गेली. आम्ही तिघी त्या फॉइलकडे बघत बसलो. सनीव्हेलवाली शांतपणे खात होती.

मॉनिटरला राहवलं नाही. "तू अजून तशीच आहेस गं! तेव्हाही पहिल्या झटक्यात दे म्हणायचीस."

"मग? हवी होती मला," ती म्हणाली. "तुम्हाला नको होती का?"

ती उठली, आत गेली, फॉइल काढून ताट घेऊन आली आणि मध्ये ठेवलं. आम्ही तिघींनी घेतल्या. पहिली येणारीने तीन खाल्ल्या, साखर असूनसुद्धा. वडी छान झाली होती, मी केली म्हणून सांगत नाही.

चहा घेताना मॉनिटरने तो प्रश्न विचारला जो आम्ही चौघी सकाळपासून टाळत होतो. "परत कधी जाणार तुम्ही?"

"माझं काय," पहिली येणारी म्हणाली, "लेकीला गरज आहे तोवर."

"माझं ग्रीन कार्डचं चाललंय," मी म्हटलं. "मुलगा म्हणतोय."

"मी ऑक्टोबरमध्ये चालले," सनीव्हेलवाली म्हणाली. "दसऱ्याच्या आत. कायमची."

"मुलाला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काही नाही. त्याने विचारलं, आई, तुला जायचंय का? मी म्हटलं, हो."

"असं? एकदम?" मॉनिटर म्हणाली. "वाईट नाही वाटलं त्याला?"

"वाटलं असेल. त्याने विचारलं, मी खरं सांगितलं. खोटं सांगितलं असतं तर मग मला वाईट वाटलं असतं. दोघांपैकी एकाला वाटणारच होतं ना?"

"अगं, पण आधी जरा नाही-बिही म्हणायचं. मग त्याने आग्रह करायचा, मग..." मॉनिटरने हाताने हवेत काहीतरी गोल गोल केलं.

सनीव्हेलवालीने कप खाली ठेवला. रागाने नाही, अगदी गप्पांच्या सुरात बोलली. "आग्रह तुमच्या घरी असायचा बायांनो. तुमच्या-तुमच्यात. मी ज्या घरांत जायचे तिथे मला एकदा विचारायचे, तेही दारातून. मी नको म्हटलं की त्यांची सुटका व्हायची. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. म्हणून मी लहानपणीच ठरवलं, जे हवं ते पहिल्यांदाच हो म्हणून घ्यायचं. नाहीतर मिळत नाही."

मग तिनेच माझ्याकडे बघून म्हटलं, "चहा चांगला झालाय गं. साखर बेताची."

त्या घरांमध्ये आमचंही घर होतं. हे तिने सांगितलं नाही आणि मलाही विचारायची गरज नव्हती. मॉनिटर खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिला बहुतेक तो डबा आठवत होता. मग ती म्हणाली, "आम्ही हसायचो तुला."

"माहीत आहे," सनीव्हेलवाली म्हणाली. "पण डबा चांगला असायचा तुझा."

यावर मात्र आम्ही सगळ्याच हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. साडेचारला बाहेर हॉर्न वाजला आणि पहिली येणारी अर्धा चहा टाकून उठली. फोटो राहिलाच होता. मुलाने धावत येऊन दारातच काढला. त्यात आम्ही तिघी कॅमेऱ्याकडे बघतोय आणि ती रस्त्याकडे.

संध्याकाळी सनीव्हेलवालीच्या मुलाचा फोन आला, ऑफिसमध्ये अडकलोय म्हणून. माझा मुलगा म्हणाला, मी सोडतो. मॉनिटर सोफ्यावर घोरत होती. मी मागच्या सीटवर बसून सोबत गेले. घरी भांड्यांचा ढीग होता, पण मला तो ढीगही नको होता आणि तिला एवढ्यात सोडायचंही नव्हतं.

तिच्या अपार्टमेंटखाली गाडी थांबली. "चहा घेऊन जा रे," ती मुलाला म्हणाली.

"नको मावशी, उशीर होईल."

"बरं," ती म्हणाली आणि उतरली. माझ्या खिडकीशी येऊन तिने माझा हात धरला, थोडा वेळ धरूनच ठेवला, मग जिन्याकडे गेली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. तीही एकदाच विचारते, हे माझ्या लक्षात आलं. मी पुढच्या सीटवर जाऊन बसले.

परतताना फ्रीवेवर शनिवार असूनही गर्दी होती. मुलगा ड्राइव्ह करताना फारसा बोलत नाही. तीन लेन बदलल्यावर म्हणाला, "आई, मंडेला लॉयरशी कॉल आहे. ग्रीन कार्डचं पुढे जायचं ना? की तुला परत जायचंय?"

तोंडाशी नेहमीचं आलं होतं. माझं काय रे, तुम्हाला सोयीचं असेल तसं. ते तिथपर्यंत आलंही, आणि मला फॉइल लावलेलं ताट आठवलं. मला मॉनिटरचे पांढरे शूज आठवले. असं खरं बोलायला एवढा दम लागतो हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं.

"मला परत जायचंय," मी म्हटलं. "कायमचं."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, मग परत समोर. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, आम्ही थांबलो, सुटलो, परत थांबलो.

"ओके," तो म्हणाला. थोड्या वेळाने, "सप्टेंबर एंडचं तिकीट बघू? तोपर्यंत आम्हाला डेकेअर शोधता येईल."

"चालेल."

"ओके."

झालं. एवढंच होतं ते. गेली चार वर्षं जे मला कसं सांगावं कळत नव्हतं, ते दोन लाल दिव्यांच्या मध्ये उरकलं. मला हलकं वाटायला हवं होतं. धरमपेठेतलं माझं दार, कुलूप, आतला बंद हवेचा वास, सगळं मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. ते येत होतं आणि जात होतं, कारण माझं निम्मं लक्ष त्याच्याकडे होतं. मी वाट बघत होते. आता तो म्हणेल, आई, राहा ना अजून. नातीचं नाव घेऊन म्हणेल. किंवा नुसतं, एवढी घाई काय आहे, इतकं तरी.

आमची एक्झिट आली आणि गेली. तो रोज या रस्त्याने येतो, झोपेतही चुकणार नाही. पुढच्या एक्झिटला उतरून, वळून, सिग्नल घेत आम्ही मागच्या बाजूने घरी आलो.

मी त्याला शिकवलं नव्हतं, हे खरं. आम्ही एकमेकांना आग्रह करताना त्याने बघितलं असेल लहानपणी, पण बाविसाव्या वर्षी तो इथे आला, आणि इथे माणूस जे म्हणतो तेच धरतात. त्यात वाईट काहीच नाही. त्याने मला विचारलं, मी सांगितलं, त्याने ऐकलं. कुणा आईचं मुलगा इतकं ऐकतो? हे सगळं मी स्वतःला समजावत होते, वर्गात समजावायचे तसं, मुद्दे घालून.

गॅरेजचं दार वर गेलं. गाडी आत घेऊन त्याने इंजिन बंद केलं, पण उतरला नाही. स्टिअरिंगवर हात तसेच.

"आई," तो म्हणाला, "तुला इथे काही कमी होतं का?"

"नाही रे," मी म्हटलं. हे पहिलं उत्तर होतं आणि खरं होतं.

त्याने मान हलवली. मग उतरून कचऱ्याचे डबे आत घ्यायला रस्त्याकडे गेला. डब्यांची चाकं सिमेंटवर खडखडत येताना मला ऐकू येत होती. मी सीटबेल्ट न सोडता बसून राहिले. तो परत येईल, माझ्या बाजूचं दार उघडेल आणि एकदा म्हणेल, राहा गं आई. मी नाहीच म्हटलं असतं. पण त्याने म्हणायला हवं होतं.